बेताचा बेत : ज्येष्ठांसह दोन दिवसांची मुंबई, आगगाडीने

घरातील वडीलधाऱ्या माणसाचे जग एका दिवसात आक्रसत नाही. आधी रात्रीचे कार्यक्रम सुटतात, मग बसचा प्रवास, मग परगावची लग्नकार्ये. आणि एके दिवशी लक्षात येते की डॉक्टरांचा दवाखाना आणि कोपऱ्यावरचे देऊळ यांपलीकडे गेल्या वर्षभरात त्यांचे पाऊल पडलेलेच नाही. यातला प्रत्येक निर्णय काळजीपोटीच घेतलेला असतो. “बाबा, कशाला दगदग करता? व्हिडिओ कॉल लावून देते ना,” असे मुलगी म्हणते ते प्रेमानेच. बाबाही “नकोच ते, तुम्हा सगळ्यांना त्रास,” म्हणून विषय मिटवतात. परंतु चालणे कमी झाले की पायांचे स्नायू दुबळे होतात, स्नायू दुबळे झाले की पडण्याची भीती वाढते आणि त्या भीतीपोटी चालणे आणखी कमी होते. शरीराबरोबर मनही घरात कोंडले जाते.

हे चक्र मोडण्याचा एक सुसह्य मार्ग म्हणजे शनिवार-रविवारचा छोटासा प्रवास, तोही आगगाडीने. मोटारीत तासन् तास एकाच स्थितीत बसावे लागते. स्वच्छतागृहासाठी चांगले ठिकाण येईपर्यंत वाट पाहावी लागते. गाडीत उभे राहता येते, चार पावले टाकता येतात, स्वच्छतागृह हाताशी असते. उदाहरणादाखल पुणेकर कुटुंबाने आखलेली मुंबईची सहल घेऊ. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला निघते आणि १९२ किलोमीटरचे अंतर कापून दहा पंचविसाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. परतीची गाडी संध्याकाळी पाच दहाला सुटून आठ पंचविसाला पुण्यात येते. शनिवारी सकाळी जाणे, एक मुक्काम आणि रविवारी रात्री जेवायला घरी, असा हा बेत. वेळापत्रकात बदल होत असतात, म्हणून वेळा आरक्षणापूर्वी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पडताळाव्यात.

आधीचा प्रश्न : जावे की थांबावे?

प्रवास करण्याजोगी प्रकृती आहे की नाही, हे वयाच्या आकड्यावरून ठरत नाही. ऐंशी वर्षांच्या आजी सहज जाऊ शकतील आणि पासष्टीच्या काकांना थांबावे लागेल, असेही घडते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखण्याचे प्रमाण अलीकडे वाढले असेल, शस्त्रक्रियेला फार दिवस झाले नसतील, ताप असेल किंवा रक्तदाब व साखर आटोक्यात नसेल, तर बेत पुढे ढकलावा. इतरांनीही निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटून स्पष्ट विचारावे.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. सपाट रस्त्यावर न थांबता किती मिनिटे चालता येते? एक जिना चढल्यावर बोलताना धाप लागते का? खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येते का? या तीन उत्तरांवरून पुढचा सारा कार्यक्रम बेतावा. प्रवासाला तीन-चार आठवडे अवकाश असेल तर रोजचे चालणे हळूहळू वाढवावे. सहलीची तारीख ठरली की व्यायामाचा कंटाळा करणारे आजोबाही बूट घालून दाराशी उभे राहतात, हा अनेक घरांतला अनुभव आहे.

ऋतूचाही विचार हवा. पावसाळ्यात बोरघाटात दरडी आणि मुंबईत पाणी साचणे, या दोन्हींमुळे गाड्या रखडतात. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईचा दमट उकाडा वृद्धांना सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मात्र हिवाळ्यात मुंबईची हवा काही दिवस धुरकट होते. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असणाऱ्यांनी मास्क आणि श्वासातून घ्यायचे औषध जवळ ठेवावे.

तिकीट काढताना

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. नोव्हेंबर २०२४पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. शनिवार-रविवारची तिकिटे लवकर संपतात, त्यामुळे जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकदमच काढावे. ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी पूर्वीची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे. तिचा हिशेब धरू नये.

डेक्कन क्वीनमध्ये बसूनच प्रवास असल्याने वातानुकूलित चेअर कार ज्येष्ठांना सोयीची. तिथे खिडकीची जागा सर्वांनाच हवीशी वाटते. परंतु ज्यांना वारंवार लघवीला जावे लागते त्यांच्यासाठी मार्गिकेलगतची आणि शक्यतो दारापासून जवळची जागा अधिक सुखाची. दर वेळी दोघांना उठवावे लागेल, या संकोचाने माणूस नैसर्गिक वेग दाबून ठेवतो आणि प्रवासाची गोडी तिथेच संपते. वातानुकूलित डब्यातला गारठा ज्येष्ठांना लवकर बाधतो. शाल व पायमोजे हातपिशवीतच असावेत.

नागपूर, लातूर किंवा कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला येणाऱ्यांना खालच्या बर्थचा प्रश्न पडतो. ६० वर्षे पूर्ण केलेले पुरुष आणि ४५ वर्षे पूर्ण केलेल्या स्त्रिया यांच्यासाठी शयनयान आणि वातानुकूलित डब्यांत काही खालचे बर्थ राखीव असतात. यातली एक मेख पुष्कळांना ठाऊक नसते. हा राखीव कोटा एकट्या ज्येष्ठ प्रवाशाला किंवा एका तिकिटावरील दोन पात्र प्रवाशांना लागू होतो. आई-बाबांच्या तिकिटावर मुलाचे नावही घातले की संगणक या कोट्याचा विचार करत नाही. म्हणून आई-बाबांचे तिकीट वेगळे आणि सोबत जाणाऱ्याचे वेगळे काढणे हिताचे. एवढे करूनही वरचा बर्थ आलाच, तर गाडीत तिकीट तपासनिसांना विनंती करावी. खालचा बर्थ रिकामा असल्यास ज्येष्ठांना देण्याची तरतूद आहे.

फलाटावरचे चारशे मीटर

प्रवासाचा सर्वांत कष्टाचा भाग गाडीत नसतो; तो फलाटावर असतो. एका डब्याची लांबी सुमारे २४ मीटर. सोळा डब्यांची गाडी म्हणजे जवळजवळ चारशे मीटर. शेवटच्या डब्यातून उतरलेल्या माणसाला फाटकापर्यंत तेवढे चालावे लागते, तेही गर्दीच्या धक्क्यात. गुडघेदुखी असणाऱ्यांना हे अंतर पेलत नाही. मोठ्या स्थानकांवर चाकाची खुर्ची उपलब्ध असते. स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात मागणी करावी. खुर्चीचे भाडे नसते, ढकलणाऱ्या हमालाची मजुरी मात्र द्यावी लागते. १३९ या क्रमांकावर रेल्वेची चौकशी आणि मदत दोन्ही मिळतात. “मला कशाला खुर्ची? लोक काय म्हणतील?” असा प्रश्न बहुतेक बाबा विचारतात. त्यांना एवढेच सांगावे, की फलाटावर वाचवलेले पाय दुपारी संग्रहालयात कामी येतील.

मुंबईच्या बाजूने एक मोठी सोय आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे शेवटचे स्थानक असल्याने लोहमार्ग तिथेच संपतात आणि सर्व फलाट एकाच पातळीवर मुख्य दालनाशी येऊन मिळतात. पूल चढण्याची गरज नाही. पुण्यात तसे नाही. गाडी पहिल्या फलाटावर नसेल तर पूल ओलांडावा लागतो. तेव्हा लिफ्ट किंवा सरकता जिना कोठे आहे, हे आधीच एकदा पाहून ठेवावे आणि गाडीच्या वेळेपूर्वी निदान पाऊण तास पोहोचावे. सरकत्या जिन्याची सवय नसलेल्यांनी तो प्रयोग प्रवासाच्या दिवशी करू नये. चढताना सोबतच्या व्यक्तीने मागे आणि उतरताना पुढे राहावे. सामान आपण घ्यावे. वृद्ध व्यक्तीचे दोन्ही हात दांडा धरण्यासाठी मोकळे असावेत.

गाडीत : पाणी, औषधे आणि घाट

प्रवासात लघवीला जावे लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच न पिणे ही ज्येष्ठांची, विशेषतः स्त्रियांची, जुनी सवय. ती घातक आहे. पाणी कमी पडले की रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येते, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांना वाट मिळते. दर अर्ध्या तासाने चार घोट पाणी घ्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घातली असेल तर ती मात्र पाळावी. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असल्यास ती मनाने टाळू नये. त्या दिवशी वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

मधुमेहींनी सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न्याहारी मात्र गाडीत मिळेल या भरवशावर निघू नये. डेक्कन क्वीनचे उपाहारयान, तिथले आम्लेट आणि कटलेट, ही पुणेकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. तिचा आस्वाद जरूर घ्यावा, पण पोटाला आधार घरूनच असावा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे. तपासणीत आकडा ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन-चार छोटे चमचे, पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने वैद्यकीय मदत मागवावी. इन्सुलिन खिडकीच्या उन्हात ठेवू नये आणि बर्फाला थेट टेकवूही नये.

लोणावळा ते कर्जत हा घाटाचा टप्पा. १८६३ साली खुल्या झालेल्या या मार्गावर काही ठिकाणी चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. पुण्याकडे येताना गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने कर्जतला जोडतात ती यामुळेच. बोगदे, दऱ्या आणि पावसाळ्यानंतर हिरवे राहिलेले डोंगर हे सारे बसूनच पाहावे. घाटातल्या वळणांवर डबा हलतो, तोल जातो. स्वच्छतागृहात जायचे असल्यास लोणावळ्यापूर्वी किंवा कर्जतनंतर जावे, सोबत कुणी असावे आणि त्याने दाराबाहेर थांबावे. बसल्या बसल्या दर तासाला घोटे वर-खाली, गोल फिरवावेत. चार तासांहून अधिक काळ निश्चल बसल्यास पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. रात्रीच्या लांब प्रवासात हे अधिक जपावे. आणि उठताना घाई नको : आधी सरळ बसावे, मग उभे राहून दहा आकडे मोजावेत, मगच पाऊल टाकावे.

मुक्काम ठरवताना विचारायचे प्रश्न

हॉटेलचे छायाचित्र सुंदर असते. त्यात पायऱ्या दिसत नाहीत. दक्षिण मुंबईतील जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण लिफ्टपर्यंत पोहोचायला पाच-सहा पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून फोन करून नेमके विचारावे : रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? कमोड आहे का? न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, फरशी घसरडी आहे का? पलंग किती उंच आहे? रात्री डॉक्टर बोलावता येतो का? सकाळी साडेदहाला पोहोचल्यावर खोली ताबडतोब मिळेल का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा; दुपारी दोनपर्यंत स्वागतकक्षात ताटकळत बसल्याने दिवस वाया जातो.

नातेवाइकांकडे उतरायचे असेल तरीही हेच प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. “वहिनी, आईला रात्री दोनदा उठावं लागतं, तिची झोपायची जागा न्हाणीघराजवळ करता येईल का?” एवढे सांगितल्याने यजमानांचीही चिंता कमी होते.

दोन दिवसांत किती मुंबई?

अर्ध्या दिवसात एकच ठिकाण, हा नियम ठेवावा. पुण्याहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की शहराच्या दक्षिण भागात रिक्षा चालत नाहीत. टॅक्सी घ्यावी लागते. टॅक्सीत आधी पाठ करून आसनावर बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोमुळे आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, चर्चगेट, सिद्धिविनायक, दादर ही ठिकाणे जोडली गेली आहेत आणि तिथे लिफ्टची सोय आहे. लोकलचा विचार असेल तर रविवारचा मेगाब्लॉक विसरू नये.

शनिवारी पोहोचल्यावर स्नान, जेवण आणि दुपारची झोप. साडेतीनच्या सुमारास काळा घोड्याजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय पाहावे. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही वास्तू १९२२ साली जनतेसाठी खुली झाली. सारी दालने पाहण्याचा हट्ट नको. लघुचित्रे किंवा मूर्तींचे एखादे दालन निवडावे आणि मधूनमधून बसावे. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून सूर्यास्त पाहावा. या जागेला तिकीट नाही, पायऱ्या नाहीत आणि बसायला कितीही जागा आहे. साडेसात-आठपर्यंत हलके जेवण करून खोलीवर परतावे.

रविवारी सकाळी गर्दी होण्यापूर्वी गेटवे ऑफ इंडिया पाहून घ्यावा. १९२४ साली खुल्या झालेल्या त्या कमानीजवळून एलिफंटाच्या बोटी सुटतात, म्हणून “एवढं आलोच आहोत तर” असा मोह होतो. जवळपास तासाभराचा बोटीचा प्रवास आणि वर लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या, हे गणित दोन दिवसांच्या बेतात बसत नाही. त्याचप्रमाणे एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलच्या तीसेक पायऱ्या चढण्याऐवजी समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या झाडीत बसून ती वास्तू पाहिली तर काहीच बिघडत नाही.

उरलेली रविवारची दुपार माणसांसाठी राखून ठेवावी. गिरगावातली धाकटी बहीण, परळच्या चाळीतला शेजारी, दादरला राहणारी शाळेतली मैत्रीण : सत्तरी-पंच्याहत्तरीनंतर अशा भेटी फार वेळा पुढे ढकलता येत नाहीत. दोघांपैकी एकाचे पाय अधू झाले की भेट फोनवरच उरते. म्हणून एखादे स्थळ गाळावे लागले तर गाळावे, ही भेट गाळू नये. चारच्या सुमारास स्थानकाकडे निघावे, म्हणजे १८८८ साली पूर्ण झालेली आणि २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलेली स्थानकाची वास्तूही निवांतपणे पाहता येईल.

विस्मरण असणारे ज्येष्ठ सोबत असतील तर

सौम्य विस्मरण असणाऱ्यांनाही प्रवास घडू शकतो. पण नव्या जागी, विशेषतः सायंकाळनंतर, त्यांचा गोंधळ वाढतो. खिशात नाव व घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. रोज सकाळी त्यांचे त्या दिवसाच्या कपड्यांतले छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. गर्दीत चुकामूक झाली तर पोलिसांना दाखवायला ते उपयोगी पडते. खोलीत रात्री मंद दिवा जळता असावा, घरची उशी किंवा चादर सोबत न्यावी, न्हाणीघराला आतून कडी लावू देऊ नये. “मगाशीच सांगितलं ना!” हे वाक्य घरीच ठेवून निघावे.

सोबत करणाऱ्यासाठी

सेवा करणाऱ्याचाही हा प्रवास असतो, हे विसरले जाते. शक्य असल्यास दोघांनी सोबत जावे आणि कामे वाटून घ्यावीत : एकाकडे औषधे, दुसऱ्याकडे तिकिटे व सामान. रविवारी सकाळी तासभर एकाने एकटे फिरायला जावे. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही.

त्याहून महत्त्वाचे, बेत ज्येष्ठांना विचारून आखावा. “आई, तुला काय बघायचंय?” या प्रश्नाला “तुम्ही न्याल तिकडे” असे उत्तर आले तरी तिथे थांबू नये; पुन्हा विचारावे. कदाचित तिला समुद्रही नको असेल, लग्नानंतर जिथे पहिली दोन वर्षे काढली ती गल्ली एकदा पाहायची असेल. बाबांचे तिकीट बाबांच्या खिशात असू द्यावे, चहाचे पैसे त्यांना देऊ द्यावेत. जपताना माणसाला सामान करून टाकू नये.

आणि बेत मोडण्याची तयारी ठेवावी. शनिवारी रात्री थकवा फार वाटला, पाय सुजले, झोप लागली नाही, तर रविवारचे सारे रद्द करून खोलीत विश्रांती घ्यावी. छातीत दाब, दरदरून घाम, तोंड वाकडे होणे, एका हाता-पायातील शक्ती जाणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसल्यास घरच्या डॉक्टरांच्या फोनची वाट पाहत बसू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि गाडीत असताना १३९ हे क्रमांक लावावेत. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून लक्षणे कधी सुरू झाली, ती वेळ लिहून ठेवावी.

परतल्यावर सोमवार मोकळा ठेवावा. पाय, टाचा, साखर, रक्तदाब तपासावा. काय जमले, कुठे दमायला झाले, पुढच्या वेळी काय न्यायचे, हे ज्येष्ठांकडूनच एका वहीत लिहून घ्यावे. पुढच्या प्रवासाची आखणी त्या वहीतूनच सुरू होईल.

चौकट : हातपिशवीत असावे असे

• तीन दिवसांची औषधे (एक दिवस जादा), मूळ वेष्टनात. ती मोठ्या बॅगेत ठेवू नयेत
• औषधांची नावे, मात्रा, आजार, अॅलर्जी, डॉक्टरांचा क्रमांक लिहिलेला कागद. अलीकडच्या ईसीजीची प्रत
• ओळखपत्र आणि आरोग्य विम्याचे कार्ड
• ग्लुकोज, साखर तपासण्याचे यंत्र, चार बिस्किटे, दोन केळी
• पाण्याची बाटली, ओआरएसची दोन पाकिटे (उच्च रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच)
• शाल, पायमोजे, रबरी तळव्याची मागून बंद पादत्राणे
• जादा चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, काठी, छोटी विजेरी
• कपड्यांचा एक जोड, आवश्यक असल्यास डायपर, ओले रुमाल आणि कागदी पिशवी